भ्रामरी प्राणायाम : गुंजनाचा अभ्यास व मनाची स्थिरता



परीक्षेची घंटा होते, प्रश्नपत्रिका हातीं येते, आणि काल रात्रीं तोंडपाठ असलेली गोष्ट एकाएकीं आठवेनाशी होते, हा अनुभव ज्याला कधींच आला नाहीं असा विद्यार्थी विरळा. छाती धडधडूं लागते, तळहात ओले होतात, श्वास उथळ व जलद होतो. अशा वेळीं वडील माणसें "मन शांत ठेव" असें सांगतात. उपदेश खरा; पण तो पाळावा कसा, हें सहसा कोणी सांगत नाहीं. मन हें कांहीं दप्तर नव्हे कीं उचलून एका जागीं ठेवलें म्हणजे तें तेथेंच राहील. हृदयाला "सावकाश चाल" अशी आज्ञा केली तर तेंहि ऐकत नाहीं. परंतु आपल्या शरीरांत एक क्रिया अशी आहे कीं, ती झोपेंत आपोआप चालते आणि जागेपणीं इच्छेनें मंद वा जलद करतां येते. ती क्रिया म्हणजे श्वासोच्छ्‌वास. ज्या गोष्टी आपल्या आज्ञेंत नाहींत, त्यांच्यापर्यंत पोंचण्याचा मार्ग या एका आज्ञाधारक क्रियेंतून जातो. प्राणायामाचें शास्त्र याच पायावर उभें आहे. त्या शास्त्रांतील भ्रामरी नांवाचा एक सोपा प्रकार, त्याचा उगम, त्याची कृति व त्याच्या मर्यादा यांचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

नांवाचा अर्थ

संस्कृतांत भ्रम् या धातूचा अर्थ फिरणें, भटकणें असा आहे. फुलांफुलांवरून फिरतो तो भ्रमर, म्हणजे आपला भुंगा. आणि भ्रमरासारखा नाद जींत होतो ती भ्रामरी. भुंग्याचा गुंजारव आपण सर्वांनीं ऐकला आहे. पण तो त्याच्या तोंडांतून निघत नाहीं, तर पंखांच्या अतिशय जलद हालचालीनें उत्पन्न होतो. मधमाशी उडतांना सेकंदास दोनशेंहून अधिक वेळां पंख हालवते. इतक्या जलद आघातांतील एकेक आघात आपल्या कानाला निराळा ओळखतां येत नाहीं, म्हणून त्यांचा एक अखंड स्वर ऐकूं येतो. मनुष्याला पंख नाहींत. परंतु त्याच्या कंठांत दोन स्वरतंतु आहेत आणि फुप्फुसांतून येणारा वायु त्यांना याच प्रकारें कंपित करतो. तेव्हां भुंगा व मनुष्य यांचें गुंजन पदार्थविज्ञानाच्या एकाच नियमानें होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

पतंजलीच्या योगसूत्रांत योगाचीं आठ अंगें सांगितलीं आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान व समाधि. यांत प्राणायाम चौथा आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सत्य, अहिंसा, शुचिता, संतोष इत्यादि आचरणाचे नियम त्याच्या आधीं येतात. पतंजलीनें भ्रामरीचें नांव घेतलेलें नाहीं. मात्र श्वास बाहेर सोडण्यानें व तो आवरून धरण्यानें चित्त प्रसन्न होतें, असें त्यानें पहिल्याच पादांत सुचविलें आहे.

भ्रामरीचें वर्णन पुढें हठयोगाच्या ग्रंथांत येतें. स्वात्मारामाचा 'हठप्रदीपिका' हा ग्रंथ सामान्यतः पंधराव्या शतकांतील मानला जातो. त्याच्या दुसऱ्या उपदेशांत सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा व प्लाविनी असे कुंभकाचे आठ प्रकार दिले आहेत. तेथें भ्रामरीची रीत अशी कीं, श्वास वेगानें व भुंग्याच्या नादासह आंत घ्यावा आणि भुंगीच्या नादासह अगदीं मंदपणें बाहेर सोडावा. अशा अभ्यासानें साधकाच्या चित्तांत शब्दांनीं न सांगतां येणारा आनंद उत्पन्न होतो, असें ग्रंथकार म्हणतो.

'घेरंडसंहिता' या ग्रंथांत घेरंड मुनि आपल्या शिष्यास योग शिकवितात. तेथील भ्रामरी थोडी निराळी आहे. अर्धी रात्र उलटून गेल्यावर, जेथें प्राण्यांचा शब्द ऐकूं येत नाहीं अशा ठिकाणीं बसून, दोन्ही हातांनीं कान बंद करून श्वास धरावा आणि आंतून येणारे नाद ऐकावे, असें तेथें सांगितलें आहे. प्रथम रातकिड्यासारखा, मग वेणूसारखा, मेघगर्जनेसारखा, भ्रमरासारखा, घंटेसारखा असे नाद क्रमाक्रमानें ऐकूं येतात, असें वर्णन आहे.

या दोन वर्णनांतील भेद लक्ष्यांत घ्यावा. एका ग्रंथांत साधक नाद करतो. दुसऱ्यांत तो नाद ऐकतो. आज बहुतेक ठिकाणीं जी भ्रामरी शिकवितात तींत या दोहोंचा मिलाफ झालेला आहे : कान झांकावयाचे, स्वतः गुंजन करावयाचें, आणि तेंच गुंजन लक्षपूर्वक ऐकावयाचें. श्वास आंत घेतांना नाद करण्याची कठीण रीत विद्यार्थ्यांना सहसा शिकवीत नाहींत.

मठांतून प्रयोगशाळेकडे

पुष्कळ काळ ही विद्या गुरुशिष्यपरंपरेनें व बहुधा एकांतांत चालत आली. ती सामान्य माणसाच्या घरीं व शास्त्रज्ञाच्या टेबलावर आणण्याचें काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्यांनीं केलें, त्यांत महाराष्ट्राच्या भूमीवर काम केलेल्या दोन व्यक्ति अग्रभागीं आहेत. नर्मदेच्या तीरीं मालसर येथें राहणाऱ्या परमहंस माधवदासजींचे हे दोघे शिष्य. त्यांपैकीं श्रीयोगेंद्र यांनीं १९१८ सालीं मुंबईजवळ वर्सोवा येथें योगाची संस्था काढली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). त्यांनीं १९२४ सालीं लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें. उड्डियान, नौलि इत्यादि क्रियांच्या वेळीं पोटांत काय घडतें हें क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहण्याचे प्रयोग त्यांनीं केले. योगाविषयीं जें सांगावयाचें तें मोजून व तपासून सांगावें, हा त्यांचा आग्रह होता. भ्रामरीकडेहि आपण त्याच दृष्टीनें पाहूं. पुढें २०१५ सालापासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊं लागला. त्या दिवसाकरितां भारत शासनानें जो सामान्य अभ्यासक्रम आंखला आहे, त्यांतहि भ्रामरीचा समावेश आहे.

गुंजन कसें उत्पन्न होतें

व्याकरणांत आपण ङ, ञ, ण, न, म हीं पांच अनुनासिकें शिकतों. त्यांपैकीं म हा वर्ण ओष्ठ्य आहे, म्हणजे तो उच्चारतांना ओंठ मिटतात आणि वायु नाकावाटे बाहेर पडतो. हा मकार स्वराशिवाय लांबविला कीं भ्रामरीचें गुंजन झालें. याची परीक्षा पाहणें सोपें आहे. ओंठ मिटून गुंजन सुरू करावें आणि मध्येंच दोन बोटांनीं नाकपुड्या क्षणभर बंद कराव्या. नाद तात्काळ थांबतो. कारण वायूस जाण्यास वाटच उरत नाहीं.

दुसरा प्रयोग कानांचा. आधीं कान उघडे ठेवून गुंजन करावें, मग कान झांकून करावें. कान झांकल्यावर बाहेरचे आवाज मंदावतात, पण स्वतःचें गुंजन मात्र पुष्कळ मोठें व गंभीर ऐकूं येतें. याचें कारण असें कीं, आपला स्वतःचा आवाज आपणांस केवळ हवेतून नव्हे, तर कवटीच्या हाडांतूनहि ऐकूं येतो. हाडांतून कर्णनलिकेंत आलेला खालच्या पट्टीचा नाद एरवीं उघड्या कानावाटे बाहेर निघून जातो. कान बंद असले म्हणजे तो आंतच कोंडतो. जगाचा गलबला बाहेर आणि स्वतःचा नाद आंत, अशी ही व्यवस्था साधते. लक्ष एकाग्र करावयास यापेक्षां सोपें साधन मिळणें कठीण. नामस्मरण करतांना किंवा पाठांतर करतांना मन निसटतें व जीभ तशीच चालत राहते, हें आपण जाणतों. येथें मात्र मन निसटलें कीं नादांत कंप येतो किंवा तो मध्येंच तुटतो, आणि चूक लगेच ऐकूं येते.

शरीरावर होणारा परिणाम

मोठें माणूस स्वस्थ बसलेलें असतां मिनिटास साधारणतः बारा ते वीस वेळां श्वास घेतें. गुंजन करतांना वायु थोडथोडा सुटत असल्यामुळें उच्छ्‌वास आपोआप लांबतो, आणि ही संख्या पांचसहांवर येते. आतां हृदयाची गंमत पहा. श्वास आंत घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद पडतात व बाहेर सोडतांना मंद होतात. मनगटाची नाडी धरून सावकाश दीर्घ श्वास घेतला तर हा फरक पुष्कळांना बोटांनींच कळतो. हृदयाला मंद करण्याचें काम करणारा जो मज्जातंतु आहे त्याचें नांव व्हेगस. तो मेंदूपासून निघून कंठ, हृदय, फुप्फुसें व जठर यांपर्यंत पसरलेला आहे. लॅटिन भाषेंत व्हेगस या शब्दाचा अर्थहि भटकणारा असाच आहे. म्हणजे नांवापुरतें पाहिलें तर हा शरीरांतला भ्रमरच. उच्छ्‌वास जितका सावकाश, तितका वेळ या तंतूचा अंमल हृदयावर अधिक राहतो.

या बाबतींत २००१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला एक निबंध मनोरंजक आहे. इटलींतील लुचानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनीं तेवीस निरोगी माणसांस एकदां जपमाळेवरील लॅटिन 'आवे मारिया' ही प्रार्थना म्हणावयास लाविलें व एकदां योगमंत्र म्हणावयास लाविलें. दोन्ही वेळीं श्वासाची गति मिनिटास सुमारें सहांवर आली, आणि रक्तदाब व हृदयाचे ठोके यांचें परस्परांशीं असलेलें नियमन सुधारलें. शब्द निराळे, भाषा निराळी, श्रद्धा निराळी. श्वासाचें मान मात्र एकच. भ्रामरीसंबंधानें नेपाळांत झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, पांच मिनिटांच्या सावकाश अभ्यासानंतर रक्तदाब उतरल्याचें व हृदयगति किंचित् कमी झाल्याचें आढळलें.

गुंजनाचा आणखी एक परिणाम स्वीडन देशांत मोजला गेला. नाकाच्या आजूबाजूस हाडांत ज्या पोकळ्या असतात त्यांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार होत असतो. हा वायु रक्तवाहिन्या सैल करणारा संदेशवाहक आहे, या शोधाबद्दल १९९८ सालीं तीन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. वाइट्झबर्ग व लुंडबर्ग यांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, मुकाट्यानें सोडलेल्या श्वासापेक्षां गुंजनासह सोडलेल्या श्वासांत नाकांतील हा वायु पंधरापट असतो. कारण गुंजनाच्या कंपांनीं त्या पोकळ्यांतील हवा ढवळली जाते. परंतु यावरून भ्रामरीनें अमुक रोग बरा होतो असा निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें होईल. वायु वाढतो हें मोजलेलें सत्य आहे. रोग जातो हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

कृति

१. जागा व वेळ. शक्यतों सकाळीं, पोट हलकें असतां, स्वच्छ हवेच्या जागीं बसावें. जेवणानंतर तीन तास तरी जाऊं द्यावे. वसतिगृहांत राहणाऱ्यांनीं दुसऱ्याच्या झोपेस वा वाचनास व्यत्यय येणार नाहीं अशी जागा निवडावी.

२. बैठक. चटईवर सहज मांडी घालून किंवा खुर्चीवर पाय जमिनीस टेकून बसावें. पाठीचा कणा सरळ, खांदे सैल, डोळे हलके मिटलेले. ओंठ मिटावे, पण वरचे व खालचे दांत एकमेकांस लागूं देऊं नयेत. जबडा आवळला कीं नाद कोंडतो.

३. कान. कानाच्या छिद्रासमोर कूर्चेचा जो लहान उंचवटा असतो, तो अंगठ्यानें किंवा तर्जनीनें हलकेच आंत दाबावा. छिद्रांत बोट घालूं नये. हात अवघडले तर कान उघडे ठेवून अभ्यास केला तरी चालतो.

४. पूरक. दोन्ही नाकपुड्यांनीं सावकाश व आवाज न करतां श्वास घ्यावा. तीनचार सेकंद पुरेत. छाती फुगवून भरण्याची घाई नको.

५. रेचक. श्वास सोडतांना कंठांतून मऊ, सारखा, खालच्या पट्टींतला नाद काढावा. ओंठ, नाक, टाळू व कपाळ यांत जो सूक्ष्म थरकांप जाणवतो त्याकडे लक्ष द्यावें. सात-आठ सेकंद नाद टिकला तरी आरंभीं पुष्कळ झालें.

६. आवर्तनें. प्रथम आठवड्यांत पांच आवर्तनें करावींत. पुढें दहांपर्यंत जावें. शेवटीं हात मांडीवर ठेवून, कांहीं न करतां, मिनिटभर स्वस्थ बसावें. गुंजन थांबल्यावर जी निःशब्दता येते तीहि अभ्यासाचाच भाग आहे. ती टाकून लगेच उठूं नये.

अभ्यास बरोबर झाला कीं नाहीं हें ओळखण्याची खूण एकच : पुढचा श्वास धापा न टाकतां, शांतपणें आंत आला पाहिजे. तो हांवरेपणानें घ्यावा लागला तर मागचा नाद गरजेपेक्षां अधिक लांबविला असें समजावें. अधिक वेळ कोण गुंजतो अशी शर्यत मित्रांत लावणें म्हणजे ज्या कामासाठीं अभ्यास करावयाचा त्यालाच हरताळ फांसणें होय.

सावधगिरी

जुन्या ग्रंथांतील कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणें, पुस्तक वाचून कोणीहि करूं नये. वर दिलेल्या कृतींत तो मुद्दामच सांगितलेला नाहीं. हठप्रदीपिकेंतहि असा इशारा आहे कीं, सिंह, हत्ती वा वाघ जसा हळूहळू माणसाळतो तसाच वायु हळूहळू वश होतो, आणि घाई करणाऱ्याचा घात करतो. कान दुखत वा वाहत असतील तर ते बंद करूं नयेत. सर्दीनें नाक चोंदलें असतां अभ्यास थांबवावा. चक्कर, डोकेंदुखी किंवा घाबरल्यासारखें वाटल्यास गुंजन सोडून नेहमींप्रमाणें श्वास घ्यावा. हृदयाचा, फुप्फुसाचा वा फेंफऱ्याचा विकार असणाऱ्यांनीं वैद्याचा सल्ला घेतल्याशिवाय आरंभ करूं नये.

उपयोग व मर्यादा

परीक्षेच्या दालनांत गुंजन करतां येत नाहीं, हें उघड आहे. मग या अभ्यासाचा तेथें उपयोग कोणता? उपयोग हा कीं, महिनाभर रोज दहा मिनिटें ज्यानें उच्छ्‌वास लांबविण्याची संवय केली, त्याला प्रश्नपत्रिका उघडण्यापूर्वीं नादाशिवायहि तसे पांचसहा श्वास सोडतां येतात, आणि शरीर ती ओळखीची वाट धरतें. परंतु ज्यानें आदल्या रात्रींच प्रथम भ्रामरी केली, त्यानें तिच्यावर भिस्त ठेवूं नये. न वाचलेलें पुस्तक गुंजनानें पाठ होत नाहीं, हेंहि सांगावयास नको. शांत मन ज्ञान देत नाहीं. मिळविलेलें ज्ञान वेळेवर हातीं देतें, एवढेंच.

कांहीं भीति मात्र परीक्षेपुरती नसते. रात्रीमागून रात्री झोंप येत नाहीं, जेवण जात नाहीं, आवडत्या गोष्टींतहि मन रमत नाहीं, जगणेंच नकोसें वाटतें, असें ज्याला होत असेल त्यानें तें श्वासाच्या आड लपवूं नये. आईबाप, शिक्षक वा वैद्य यांपैकीं ज्यावर विश्वास असेल त्याला तें आजच सांगावें. कान झांकून बसण्याचा अभ्यास थोड्या वेळापुरता आहे. नंतर कान उघडावयाचे आहेत, आणि शेजारी बसलेल्या अबोल मित्राची हांकहि ऐकावयाची आहे.

कोणी विचारील, ही विद्या एका विशिष्ट परंपरेंतील आहे, ती इतरांनीं घ्यावी काय? ती हठयोग्यांनीं समाधीच्या मार्गावरील एक पायरी म्हणून सांगितली, हें लपविण्याचें कारण नाहीं; ज्याच्याकडून घ्यावें त्याचें नांव कृतज्ञतेनें घ्यावें. परंतु श्वास, कंठ व कान हे सर्वांचे सारखेच आहेत. ज्याला यांत ईश्वराचें ध्यान करावयाचें असेल त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें तें करावें. ज्याला केवळ चित्ताचें स्वास्थ्य हवें असेल त्याला तेंहि मिळण्यास अडचण नाहीं.

शेवटीं एक सूचना. या लेखांतील कोणतीहि गोष्ट केवळ छापली आहे म्हणून मानूं नका. एक वही घ्या. रोज बसण्यापूर्वीं घड्याळ पाहून एका मिनिटांत आपले श्वास किती होतात व नाडीचे ठोके किती पडतात तें लिहा. अभ्यास संपल्यावर पुन्हां मोजून त्यापुढें लिहा. त्या दिवशीं मन कसें होतें, याची एक ओळ जोडा. महिनाभरानें त्या दोन रकान्यांत फरक दिसला तर अभ्यास पुढें चालू ठेवा; न दिसला तर तसेंहि प्रामाणिकपणें लिहून ठेवा. स्वतःच्या शरीरावर, स्वतःच्या हातानें, कोणासहि अपाय न करतां करावयाचा असा सोपा प्रयोग शाळेच्या वयांत दुसरा क्वचितच सांपडेल.